शिळी सूची आणि स्वयंचलित चाचणी

१. म्हैसूरची ताडपत्रे

म्हैसूर शहरात १८९१ मध्ये एक प्राच्य ग्रंथालय स्थापन झाले. पुढे तेच 'ओरिएंटल रिसर्च इन्स्टिट्यूट' या नावाने प्रसिद्धीस आले. १९०५ मध्ये तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने या ग्रंथालयास ताडपत्रांवरील एक पोथी दिली. पोथी ग्रंथ लिपीत लिहिलेली होती. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती वाचून पाहिली, तेव्हा ती कौटिल्याच्या अर्थशास्त्राची प्रत असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. १९०९ मध्ये त्यांनी ती संहिता छापून प्रसिद्ध केली आणि १९१५ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर जगापुढे ठेवले.

या प्रसिद्ध घटनेत एक साधी गोष्ट दडलेली आहे. ज्या दिवशी एखादी पोथी ग्रंथालयाच्या कपाटात येते, त्या दिवशी आदल्या दिवसापर्यंत बरोबर असलेली सूची चुकीची ठरते. पोथी कपाटात असते, पण सूचीत नसते. याउलट, एखादी पोथी दुरुस्तीसाठी अन्यत्र हलविली, तर ती सूचीत असते, पण कपाटात नसते. संग्रह आणि सूची या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांचे परस्परांशी जुळणे आपोआप घडत नाही. ते कोणीतरी घडवून आणावे लागते.

खुद्द या शहराच्या नावाचेच उदाहरण घेता येईल. मराठी माणूस त्यास पिढ्यान्‌पिढ्या 'म्हैसूर' म्हणत आला आहे. इंग्रजी कागदपत्रांत ते 'मायसोर' होते. १ नोव्हेंबर २०१४ पासून 'मैसूरु' हे त्याचे अधिकृत नाव झाले. ज्या राज्यात ते आहे, त्या राज्याचे 'म्हैसूर' हे नाव बदलून १ नोव्हेंबर १९७३ रोजी 'कर्नाटक' झाले. एखाद्याने १९७२ सालच्या नकाशाच्या सूचीत 'कर्नाटक राज्य' शोधले, तर ते त्यास सापडणार नाही. भूमी जागची हललेली नाही. सूची मात्र शिळी झाली आहे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथालय ही सतत वाढत राहणारी सजीव रचना आहे, हा त्यांतील पाचवा नियम होय. जे वाढते, त्याची सूचीही वाढलीच पाहिजे. संगणकाच्या जगात हाच नियम किती कठोरपणे लागू होतो, हे या पाठात पाहावयाचे आहे.

२. पॅकेज, भांडार आणि सूची

संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर हल्ली एका अखंड वस्तूच्या रूपात मिळत नाही. ते लहान लहान गठ्ठ्यांत बांधलेले असते. अशा प्रत्येक गठ्ठ्यास 'पॅकेज' म्हणतात. मराठी मजकूर पडद्यावर दाखविणारा 'लोहित' देवनागरी टंक हे एक पॅकेज आहे. मराठी शब्दांचे लेखन तपासणाऱ्या 'अ‍ॅस्पेल' या साधनाचा मराठी शब्दसंग्रह हे दुसरे. एका पॅकेजला दुसऱ्याची गरज लागते, दुसऱ्याला तिसऱ्याची. अशी ही साखळी असते.

ही सर्व पॅकेजे जेथे ठेवलेली असतात, त्या स्थानास 'भांडार' म्हणता येईल. 'डेबियन' या मुक्त प्रकल्पाचे उदाहरण पाहावे. १९९३ मध्ये इयान मरडॉक यांनी तो सुरू केला. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या बाराव्या आवृत्तीत चौसष्ट हजारांहून अधिक पॅकेजे होती. इतक्या मोठ्या भांडारात सूचीवाचून एक पाऊलही टाकता येणार नाही. म्हणून भांडाराबरोबर एक सूची प्रसिद्ध केली जाते. तिच्यात प्रत्येक पॅकेजसाठी एक नोंद असते. नोंदीत पॅकेजचे नाव, आवृत्ती, त्यास लागणारी इतर पॅकेजे, भांडारातील फाईलचे स्थान, तिचा आकार आणि 'हॅश' या नावाचा एक लांबलचक ओळखअंक दिलेला असतो. फाईलमधील एक अक्षर जरी बदलले, तरी हा ओळखअंक पूर्णपणे बदलतो. त्यामुळे हाती आलेली फाईल सूचीत सांगितलेलीच आहे की नाही, हे ताबडतोब पडताळून पाहता येते.

१९९९ पासून डेबियनमध्ये 'ॲप्ट' नावाचे साधन वापरात आले. त्याच्या दोन आज्ञा येथे समजून घेणे आवश्यक आहे. 'ॲप्ट-गेट अपडेट' ही आज्ञा दिली असता संगणक भांडाराकडून ताजी सूची मागवून आपल्याजवळ उतरवून ठेवतो. 'ॲप्ट-गेट इन्स्टॉल' ही आज्ञा दिली असता तो आपल्याजवळच्या सूचीत पाहून पॅकेजचे स्थान ठरवितो आणि ती फाईल आणावयास जातो. नवशिक्यास 'अपडेट' या शब्दावरून असे वाटते की, या आज्ञेने सॉफ्टवेअरच नवे होत असावे. तसे होत नाही. पहिल्या आज्ञेने फक्त यादी नवी होते आणि दुसरी आज्ञा त्या यादीवर पूर्ण विश्वास टाकून चालते. सर्व अडचणींचे मूळ या विश्वासात आहे.

३. सूची शिळी कशी होते

भांडार दररोज बदलत असते. डेबियनच्या मुख्य भांडारात दिवसातून चार वेळा नव्या वस्तूंची भर घातली जाते. एखाद्या पॅकेजची सुधारलेली आवृत्ती आली की, जुन्या आवृत्तीची फाईल सामान्यतः काही काळाने काढून टाकली जाते. अन्यथा भांडार अमर्याद फुगत जाईल.

आता एक कल्पित प्रसंग पाहू. म्हैसूर येथील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी मराठी शुद्धलेखन तपासणारा एक कार्यक्रम रचीत आहेत, असे समजावे. म्हैसूर हे अशा कामास साजेसे स्थान आहे. १९६९ मध्ये तेथे भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले आणि भारतीय भाषांच्या संगणकीय सामग्रीचे कार्य तेथे चालते. विद्यार्थ्यांनी सोमवारी आपला चाचणी-संगणक सिद्ध केला व त्या दिवसाची सूची त्यात उतरविली. तिच्यात एका पॅकेजची तिसरी आवृत्ती नोंदलेली होती. बुधवारी भांडारात त्याची चौथी आवृत्ती आली आणि तिसरी काढून टाकण्यात आली. गुरुवारी विद्यार्थ्यांच्या संगणकाने ते पॅकेज मागितले. त्याच्या सूचीप्रमाणे तो तिसऱ्या आवृत्तीची फाईल आणावयास गेला. भांडाराने उत्तर दिले : '४०४, अशी वस्तू येथे नाही.'

कार्यक्रमात चूक नव्हती. भांडारात बिघाड नव्हता. संपर्काची तारही शाबूत होती. तरीही काम थांबले. अशा वेळी ॲप्ट स्वतःच सुचविते की, सूची ताजी करून पाहावी. परंतु यंत्राने दिलेली ही सूचना वाचावयास त्या क्षणी तेथे मनुष्य असेलच, असे नाही.

४. मनुष्यावाचून चालणारी चाचणी

सॉफ्टवेअर लिहिताना केलेला प्रत्येक बदल जुन्या भागास धक्का लावीत नाही ना, हे तपासावे लागते. पूर्वी हे काम हाताने होत असे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस असा विचार दृढ झाला की, बदल होताच यंत्रानेच सर्व चाचण्या चालवाव्यात आणि निकाल सांगावा. २००१ मध्ये आलेले 'क्रूझ कंट्रोल', २०११ मध्ये आपले आजचे नाव धारण करणारे 'जेन्किन्स' ही त्या विचाराची फळे होत. डेबियन प्रकल्पातही पॅकेजांच्या स्वयंचलित चाचण्या होतात आणि २०१८ पासून त्यांच्या निकालाचा विचार करूनच नवे पॅकेज पुढील टप्प्यात जाऊ दिले जाते.

अशा चाचणीत यंत्र प्रत्येक वेळी कोऱ्या पाटीवरून आरंभ करते. ते स्वच्छ संगणक-प्रतिमा उघडते, लागणारी पॅकेजे बसविते, चाचण्या चालविते, निकाल नोंदविते आणि सर्व पुसून टाकते. ही कोरी पाटी मात्र कधीतरी कोणीतरी तयार करून ठेवलेली असते. ती तयार केली त्या दिवसाची सूची तिच्या पोटात गोठून राहते. पाटी रोज नवी भासली, तरी तिच्यातील सूची आठवड्याची, महिन्याची किंवा वर्षाची शिळी असू शकते.

हिचे दुष्परिणाम दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार उघड अपयशाचा. पॅकेज मिळत नाही आणि चाचणी सुरू होण्यापूर्वीच मोडते. फलकावर लाल खूण उमटते. ज्याने त्या दिवशी निष्पाप असा एखादा बदल केलेला असतो, त्याच्यावर दोष येतो. असे वारंवार घडले की, माणसे लाल खुणेकडे दुर्लक्ष करू लागतात. मग एके दिवशी खरी चूक घडते आणि तिची लाल खूणही कोणी पाहत नाही. लांडगा आला रे आला, ही गोष्ट येथे यंत्राच्या रूपाने पुन्हा घडते.

दुसरा प्रकार मूक आणि म्हणून अधिक भयंकर असतो. ७ एप्रिल २०१४ रोजी 'ओपन-एस-एस-एल' या पॅकेजमधील 'हार्टब्लीड' नावाचा दोष जगजाहीर झाला. या पॅकेजच्या आधारे जगातील असंख्य संकेतस्थळांचे गुप्त व्यवहार चालत असत आणि त्या दोषामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त मजकूर परक्याच्या हाती पडू शकत होता. डेबियनने त्याच दिवशी सुधारलेले पॅकेज भांडारात ठेवले. तथापि ज्या संगणकाने ६ एप्रिलची सूची जवळ बाळगली असेल, त्यास 'ओपन-एस-एस-एल'ची नवी आवृत्ती हवी आहे का, असे विचारले असता तो शांतपणे उत्तर देई की, सर्वांत नवी आवृत्ती आधीच बसविलेली आहे. त्याच्या सूचीपुरते ते सत्यच होते. चाचणी हिरवी झाली, दोष मात्र जागच्या जागी राहिला.

५. पहिला उपाय आणि त्यातील खाच

पॅकेज बसविण्यापूर्वी प्रत्येक वेळी सूची ताजी करावी, हा उपाय सरळ आहे. 'अपडेट' आणि 'इन्स्टॉल' या आज्ञा एकापाठोपाठ द्याव्यात. परंतु येथे एक खाच आहे आणि अनेक जाणते लोक तिच्यात अडखळले आहेत.

२०१३ मध्ये 'डॉकर' हे साधन प्रसिद्ध झाले. संगणक-प्रतिमा कशी बनवावयाची, याची कृती त्यात ओळीओळीने लिहिली जाते. प्रत्येक आज्ञेचा परिणाम एकेका थराच्या रूपात साठवून ठेवला जातो. पुढच्या वेळी कृती वाचताना एखादी ओळ पूर्वीसारखीच आढळली आणि तिच्या आधीचे थरही तेच असले, तर ती ओळ पुन्हा चालविली जात नाही. साठविलेला थर उचलून वापरला जातो. स्वयंपाकघरात कालचे पीठ मळलेले असेल, तर आज पुन्हा मळावे लागत नाही, तसाच हा प्रकार. वेळ वाचतो, हे खरे; पण पीठ आंबले आहे का, हे कोणी पाहत नाही.

समजा, पहिल्या ओळीत सूची ताजी करण्याची आज्ञा आहे व दुसऱ्या ओळीत टंकाचे पॅकेज बसविण्याची. तीन महिन्यांनी एका विद्यार्थ्याने दुसऱ्या ओळीत शब्दसंग्रहाच्या पॅकेजचेही नाव जोडले. पहिली ओळ बदललेली नाही. म्हणून तीन महिन्यांपूर्वीचा थर वापरला जातो. दुसरी ओळ बदलली आहे. म्हणून ती नव्याने चालते, पण तीन महिन्यांच्या शिळ्या सूचीवर. विद्यार्थी कृती वाचून म्हणतो, 'सूची ताजी करण्याची आज्ञा तर येथे स्पष्ट लिहिलेली आहे!' ती लिहिलेली आहे. पाळली गेलेली नाही.

यावर उपाय असा की, दोन्ही आज्ञा एकाच ओळीत जोडून लिहाव्यात. मग पॅकेजांच्या यादीत काहीही बदल झाला, तर संपूर्ण ओळ बदलते आणि सूचीही त्याच वेळी नव्याने आणली जाते. काम संपल्यावर उतरविलेली सूची त्याच ओळीत पुसून टाकणे अधिक श्रेयस्कर. त्यामुळे प्रतिमेचा आकार कमी होतो आणि पुढे कोणी चुकून शिळ्या सूचीवर विसंबण्याची शक्यताही उरत नाही; कारण सूचीच नसेल, तर साधन ताबडतोब तक्रार करते. शिळ्या सूचीपेक्षा सूचीचा अभाव बरा, हा या शास्त्रातील एक उपयुक्त नियम होय.

एवढ्यावरही ओळीतील नावे महिनोन्‌महिने तशीच राहिली, तर संपूर्ण ओळीचा थर शिळा होतो. म्हणून चाचणीच्या प्रतिमा ठराविक दिवसांनी साठवणीचा आधार न घेता मुळापासून पुन्हा बनवाव्या लागतात.

६. यशाचे खोटे वर्तमान

दुसरी खाच याहून सूक्ष्म आहे. 'ॲप्ट-गेट अपडेट' ही आज्ञा दिली आणि त्या क्षणी भांडाराशी संपर्क झाला नाही, तर काय होते? काही सूची आणता आल्या नाहीत, त्यांकडे दुर्लक्ष केले आहे किंवा त्यांच्या जागी जुन्याच वापरल्या आहेत, असा इशारा साधन पडद्यावर छापते. मात्र अशा तात्पुरत्या अडचणीत आज्ञा यशस्वी झाल्याचेच ते यंत्रणेस कळविते. घरी बसलेल्या माणसाच्या दृष्टीने हे सोयीचे आहे. संपर्क तुटला म्हणून त्याचे सगळे काम अडू नये. परंतु स्वयंचलित चाचणी इशारे वाचीत नाही. ती फक्त यशापयशाचा अंक पाहते आणि अंक यशाचा असल्यामुळे शिळी सूची हाती घेऊन पुढे जाते.

म्हणून ॲप्टच्या अलीकडील आवृत्त्यांत या आज्ञेस एक जोड देता येते. कोणतीही सूची आणण्यात अपयश आले, तर संपूर्ण आज्ञा अपयशी समजावी, असे तीमुळे यंत्रास सांगता येते. त्याबरोबर क्षणिक अडचणीसाठी थोड्या थोड्या वेळाने दोन-तीन वेळा पुन्हा प्रयत्न करण्याची सोय ठेवावी. तरीही न जमल्यास चाचणीने थांबावे आणि निकालात 'कार्यक्रम चुकला' असे न लिहिता 'सामग्री मिळाली नाही' असे स्वतंत्रपणे लिहावे. वैद्य रोग्याच्या तापाचे निदान करताना तापमापकच मोडलेला नाही ना, हे आधी पाहतो. त्यातलाच हा प्रकार आहे.

७. अर्धे बदललेले भांडार

मुख्य भांडारावर साऱ्या जगाचा भार पडू नये, म्हणून त्याच्या हुबेहूब प्रती निरनिराळ्या देशांत ठेवलेल्या असतात. त्यांस 'मिरर' म्हणजे आरसे असे नाव आहे. आरशात नवे प्रतिबिंब उमटण्यास काही वेळ लागतो. त्या अवधीत कोणी सूची मागितली, तर विचित्र स्थिती उद्‌भवते. सूचींची सूची, म्हणजे ज्या मुख्य पत्रात प्रत्येक सूचीचा ओळखअंक लिहिलेला असतो ते पत्र, नवे आलेले असते. प्रत्यक्ष सूची मात्र अजून जुनीच असते. ओळखअंक जुळत नाहीत आणि साधन योग्य कारणास्तव ती नाकारते.

यावर सुचलेली युक्ती मोठी मार्मिक आहे. सूचीच्या फाईलला एकच कायमचे नाव देण्याऐवजी तिचा ओळखअंक हेच तिचे नाव ठेवावयाचे. मग जुनी सूची आणि नवी सूची काही काळ शेजारीशेजारी राहू शकतात. ज्याच्या हाती जुने पत्र आहे, त्यास जुनी मिळते. ज्याच्या हाती नवे आहे, त्यास नवी. दोघांचीही फसगत होत नाही. २०१६ च्या सुमारास मोठ्या भांडारांत ही पद्धत रूढ झाली. कुलपावर किल्लीचीच आकृती कोरून ठेवावी, तसे हे आहे.

८. खरी स्वाक्षरी, जुना मजकूर

सूची बनावट नाही, हे कळावे म्हणून मुख्य पत्रावर अंकीय स्वाक्षरी केलेली असते. परंतु स्वाक्षरी मजकुराचा कर्ता सांगते. मजकुराचा ताजेपणा सांगत नाही. गेल्या वर्षीचे पत्रही खऱ्या स्वाक्षरीचेच असते. एखादा दुष्ट मनुष्य मध्येच उभा राहून संगणकास सतत गेल्या वर्षीचीच खरी सूची दाखवीत राहिला, तर दोषयुक्त जुनी पॅकेजे वापरण्यास तो त्यास भाग पाडू शकेल. २००८ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी या धोक्याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एका कल्पित प्रशासकाच्या नावाने सर्व्हर भाड्याने घेतला आणि निरनिराळ्या वितरणांच्या अधिकृत आरशांच्या यादीत त्याचा समावेश करवून दाखविला.

या धोक्यावरील उपाय औषधाच्या बाटलीवर रोज पाहावयास मिळतो. तो म्हणजे मुदतीची तारीख. मुख्य पत्रात 'अमुक दिवसापर्यंतच ग्राह्य' अशी नोंद केली की, त्यानंतर ती सूची साधन स्वीकारीत नाही. चाचणी करणाऱ्यास कधीकधी या तपासणीचा त्रास होतो. संगणकाचे घड्याळ चुकलेले असले, तरी ताजी सूची मुदत संपलेली वाटते. अशा वेळी तपासणीच बंद करण्याचा मोह होतो. घड्याळ दुरुस्त करणे हा खरा उपाय होय. पहारेकऱ्यास घरी पाठविणे हा नव्हे.

९. निवृत्त झालेली भांडारे

प्रत्येक आवृत्तीचे आयुष्य ठरलेले असते. ते संपले की, तिची पॅकेजे नेहमीच्या स्थानावरून हलवून पुराभिलेखागारात ठेवली जातात. मार्च २०१९ मध्ये डेबियनच्या आठव्या आवृत्तीचे काही विभाग नेहमीच्या आरशांवरून काढून टाकण्यात आले आणि जुन्या कृतींवर चालणाऱ्या अनेक चाचण्या जगभर एकाएकी मोडल्या. 'सेंटओएस' या वितरणाच्या सातव्या आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. त्यानंतर आरशांची यादी देणारे तिचे स्थानही बंद झाले. येथे सूची ताजी करून भागत नाही, कारण सूची देणारेच स्थलांतरित झालेले असतात. नवा पत्ता देणे हा तात्पुरता उपाय. नव्या आवृत्तीकडे जाणे हा कायमचा. अशा घटना पूर्वसूचनेशिवाय घडत नाहीत. मुदतीच्या तारखा वर्षानुवर्षे आधी जाहीर असतात. त्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवण्याचे काम तेवढे राहून जाते.

१०. ताजेपणा की पुनरावृत्ती?

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे वाटेल की, सूची जितकी ताजी तितकी चाचणी उत्तम. पण विज्ञानाचा एक जुना दंडक येथे आडवा येतो. प्रयोग पुन्हा केला असता तोच निकाल मिळाला पाहिजे. रोज नवी सूची घेतली, तर रोज नवी पॅकेजे येतील. काल हिरवी असलेली चाचणी आज लाल झाली, तर दोष विद्यार्थ्याच्या बदलाचा की नव्या पॅकेजचा, हे कळणार नाही.

शिवाय सर्वांत नवे ते सर्वांत सुरक्षित, असेही नाही. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने उघडकीस आणले की, 'एक्स-झेड' या पॅकेजच्या ५.६.० व ५.६.१ या नव्या आवृत्त्यांत कोणीतरी हेतुतः चोरवाट ठेवली होती. दूरच्या संगणकात प्रवेश करताना लागणारा सुमारे अर्ध्या सेकंदाचा अधिक वेळ त्यांना खटकला आणि त्या धाग्यावरून ते मुळापर्यंत पोहोचले. ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती होती, ते या संकटातून वाचले.

ताजेपणा आणि पुनरावृत्ती या दोहोंचा मेळ घालण्यासाठी डेबियनने 'स्नॅपशॉट' नावाचे संग्रहस्थान चालविले आहे. २००५ पासूनच्या भांडाराची निरनिराळ्या क्षणांची स्थिती त्यात जतन केलेली आहे. चाचणी करणारा एक दिवस निश्चित करतो आणि सूची व पॅकेजे दोन्ही त्याच दिवसाची घेतो. सूची जुनी असली, तरी तिच्याशी जुळणारा संग्रहही तेथे असल्यामुळे ती खोटी ठरत नाही. हेतुतः ठरविलेले जुनेपण आणि नकळत आलेले शिळेपण यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

शहाणी प्रयोगशाळा म्हणून दोन चाचण्या चालविते. पहिली निश्चित दिवसाच्या सूचीवर, प्रत्येक बदलानंतर. तिच्यातील लाल खुणेचा अर्थ 'आपला बदल चुकला' असा. दुसरी ताज्या सूचीवर, रोज रात्री. तिच्यातील लाल खुणेचा अर्थ 'बाहेरचे जग बदलले' असा. दुसरी समाधानकारक झाली की, पहिलीचा निश्चित दिवस पुढे सरकविला जातो. सुरक्षिततेशी संबंधित सुधारणा आली, तर तो विनाविलंब सरकवावा लागतो.

११. वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

हा सर्व विषय संगणकावाचूनही समजू शकतो. शाळेच्या ग्रंथालयातील एका कपाटातील वीस पुस्तके घ्यावीत. प्रत्येकासाठी एक पत्ता करून त्यावर नाव, आवृत्तीचे वर्ष, कप्प्याचा क्रमांक आणि एकूण पाने लिहावीत. पानांची संख्या ही येथे ओळखअंकाचे काम करील. या पत्त्यांची एक नक्कल एका विद्यार्थ्याकडे द्यावी आणि त्यास वर्गाबाहेर पाठवावे. दरम्यान दुसऱ्याने तीन पुस्तके हलवावीत, एकाच्या जागी त्याचीच नवी आवृत्ती ठेवावी आणि एक पुस्तक काढून घ्यावे. बाहेरचा विद्यार्थी परत आल्यावर त्याने फक्त आपल्या पत्त्यांच्या आधारे सर्व पुस्तके शोधावीत.

त्यास कोणती पुस्तके मिळाली नाहीत, कोणते पुस्तक मिळूनही पानांची संख्या जुळली नाही आणि कोणती चूक त्याच्या ध्यानीच आली नसती, याची नोंद फळ्यावर करावी. पानांची संख्या पत्त्यावर लिहिलीच नसती, तर काय झाले असते, यावर वर्गात चर्चा घडवून आणावी.

१२. समारोप

म्हैसूर येथे २००५ पासून एका मोठ्या संगणक-उद्योगाचे प्रशिक्षणस्थान आहे आणि दरवर्षी हजारो तरुण अभियंते तेथे आपल्या व्यवसायाचे पहिले धडे घेतात. त्याच शहरातील प्राच्य ग्रंथालयात ताडपत्रे सांभाळणारे ग्रंथपाल आणि हे तरुण यांच्या साधनांत शतकाचे अंतर आहे. कर्तव्य मात्र एकच आहे. सूचीत जे लिहिले आहे ते कपाटात आहे काय, हे दोघांनाही पुन्हा पुन्हा जाऊन पाहावे लागते. यंत्र हे काम वेगाने करू शकते. कधी करावयाचे आणि जमले नाही तर काय म्हणावयाचे, हे त्यास माणसानेच सांगून ठेवावे लागते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'अपडेट' आणि 'इन्स्टॉल' या दोन आज्ञांच्या कार्यातील भेद सांगा.

२. शिळ्या सूचीमुळे होणारे उघड अपयश आणि मूक अपयश यांपैकी अधिक धोकादायक कोणते? उदाहरण देऊन स्पष्ट करा.

३. सूचीवर खरी स्वाक्षरी असूनही ती सूची घातक कशी ठरू शकते?

४. एखाद्या चाचणीसाठी मुद्दाम जुन्या दिवसाची सूची वापरणे केव्हा योग्य ठरते?

५. आपल्या शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयात नवे पुस्तक आल्यापासून ते सूचीत नोंदले जाईपर्यंत किती दिवस जातात, याची चौकशी करा.